पाव्हण्याची सकाळ

सरांच्या वर्कशॉपमध्ये गाडी आणली की आधी तोंडानं तिचा आवाज काढून दाखवावा लागायचा. बॉनेट त्यानंतर. कुणी येऊन "इंजिन आवाज करतंय" म्हणालं की सर हातातला कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "कसा? काढा." मग तो मिशीवाला, धिप्पाड ट्रक ड्रायव्हर इकडेतिकडे बघायचा, घसा साफ करायचा आणि लाजत लाजत खडखड असं काहीतरी करायचा. सरांचं तेवढ्यानं समाधान व्हायचं नाही. हा आवाज सपाटीवरचा की इमामपूरच्या घाटातला, असं ते विचारायचे. घाटातला असेल तर घाटातला काढायला लावायचे. डोळे मिटून ऐकायचे, मग स्वतः तोच आवाज काढायचे, थोडा घोगरा करून, थोडा तोडून, आणि गिऱ्हाईक "व्हय, आस्साच" म्हणेपर्यंत त्यात बदल करत राहायचे. ते दोन शब्द आले की सर उठायचे. तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरी मागायला आले होते आणि दारातूनच परत फिरावं असं मला वाटलं होतं.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नगरला घरी बसले होते. शाळा कॉन्व्हेंटची. माझं मराठी घरापुरतं होतं आणि इंग्रजी शाळेपुरतं. बाहेरच्या माणसांशी बोलायला माझ्याकडे काहीच नव्हतं. वडिलांच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, की औरंगाबाद रस्त्यावर इंजिनाची कामं करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना कॉम्प्युटर कळणारं माणूस हवंय. कशासाठी हवंय हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. पुढे कळलं की सरांनाही तेव्हा नीटसं माहीत नव्हतं.

सरांनी माझे मार्क विचारले नाहीत. घरी मिक्सर आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

"कसा वाजतो?"

मी गप्प. तो घाटातला आवाज काढलेला ड्रायव्हर बाजूलाच बसला होता. आपण केलं तसं ही पोरगी करते का, हे बघायला तो मोठ्या आपुलकीनं थांबला होता. माझे कान तापले. 

"असू द्या," सर म्हणाले. "एक आवाज तुमच्याकडे बाकी राहिला. उद्यापासून या."

सर अंगावर पांढराशुभ्र, इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून इंजिनं उघडायचे. एप्रन नाही, काही नाही. संध्याकाळी हात धुतले की खिडकीपाशी उभे राहून बाह्या, पोट, खांदे असा सगळा शर्ट तपासायचे. डाग नसला की चेहऱ्यावर पास झालेल्या मुलाचा आनंद. लोक समजतात डाग हा कामाचा पुरावा असतो, तो घाईचा पुरावा असतो, असं त्यांचं म्हणणं. कोपराजवळ ठिपका दिसला तर घरी जाईपर्यंत ते कुणाशी बोलायचे नाहीत.

त्यांच्या मागच्या आयुष्याबद्दल निरनिराळं ऐकू यायचं. कुणी म्हणे ते जहाजावर इंजिनिअर होते. कुणी म्हणे लष्करात होते आणि एका साहेबाच्या जीपला साहेबापेक्षा जास्त मान दिला म्हणून बाहेर पडले. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "सगळं खरं आहे. माझ्या बाबतीत नसेल, पण कुणाच्या तरी बाबतीत असेलच."

इंजिनाला ते कधी खराब म्हणायचे नाहीत. नाराज म्हणायचे. सगळ्यांना अहोजाहो करायचे, भंगारवाल्यालाही, आणि रस्त्यावरून घुसलेल्या कुत्र्यालाही. एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात जमायची नाही. कुणी आभार मानायला लागलं की ते तिथून निघून जायचे. घोडेगावच्या बाजाराला बैल घेऊन चाललेला एक टेम्पो एकदा आमच्या दारात बंद पडला. मालक रडकुंडीला आलेला, बाजार हुकला तर सगळीच खेप वाया. सरांनी जेवण टाकून तासाभरात गाडी चालू केली. मालक हात जोडायला लागला तसे सर म्हणाले, "काही झालं नव्हतं हो हिला. उगाच थांबलात." आणि आत निघून गेले. तो बिचारा खरंच गोंधळला. साळवे मिस्त्रींना विचारू लागला, की मग साहेबांनी एवढा वेळ केलं काय.

साळवे मिस्त्री वर्कशॉपमधले सगळ्यात जुने. लेथवर लोखंडाचे भाग कातायचे. बोलायचे कमी, पण तंबाखू मळता मळता एखादं वाक्य असं टाकायचे की दिवसभर पुरायचं. ते मला सांगायचे, "म्याडम, आपल्या सरांनी कुनाचं भलं केलं की ते चोरी केल्यागत लपवत्यात." हे वाक्य मी लक्षात ठेवलं होतं. पुढे त्याचा उपयोग झाला.

उघडलेल्या इंजिनाचे भाग धुवायचं काम गयाबाईंकडे होतं. त्या जेऊरहून सकाळच्या एसटीनं यायच्या. आडवं कापलेलं मोठं पिंप, त्यात रॉकेल, आणि त्यात पिस्टन, व्हॉल्व्ह, नोझल, बारीक नट. काळं तेल आणि जळका कार्बन त्या ब्रशनं सोडवून काढायच्या, रॉकेलमधून खळबळून वर धरायच्या, एक झटका देऊन थेंब निथळू द्यायच्या आणि फळीवर ओळीनं मांडायच्या. त्यांनी धुतलेल्या पिस्टनमध्ये तोंड दिसायचं. पण त्यांचे हात बघवत नव्हते. तळव्यांना भेगा, बोटांची पेरं सोललेली, मनगटापर्यंत लाल चट्टे. संक्रांतीला दारात कासार आला तेव्हा आजूबाजूच्या बायकांनी बांगड्या भरल्या, गयाबाईंनी हात पदराखाली घेतले. नको म्हणाल्या, हात दाबला की कळ निघती.

सरांनी त्यांना कातडीच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की रॉकेल बंद करा, नाहीतर मलमाचा उपयोग नाही. मग सर तऱ्हेतऱ्हेचे हातमोजे आणू लागले. रबराचे रॉकेलमध्ये फुगून ढिले व्हायचे आणि बारीक भाग बोटातून निसटायचे. जाड असले की काम व्हायचं नाही. गयाबाई सर समोर असेपर्यंत हातमोजे घालायच्या, ते वळले की काढून कमरेला खोचायच्या. सर हे न बघितल्यासारखं करायचे, पण बघायचे.

एके दिवशी ते लिलावातून भंगार घेऊन आले. त्यात मोडीत काढलेल्या बसचे वायपर फिरवणाऱ्या मोटारी होत्या. त्या त्यांनी माझ्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, "आपल्याकडे पाव्हणे येणार आहेत. तयारीला लागा."

त्या मोटारींपासून आम्ही एक हात बनवला. खांदा, कोपर, मनगट. पुढे पकडायला सरांच्या स्वयंपाकघरातली सांडशी, जिच्याबद्दल त्यांच्या पत्नीनं नंतर दोनदा निरोप पाठवला. मोटारी पिंपापासून लांब, पत्र्याच्या आडोशाला ठेवल्या होत्या आणि ओढ मोटरसायकलच्या केबलींनी पुढे नेली होती, कारण ठिणगी आणि रॉकेल यांची गाठ पडू द्यायची नव्हती. प्रत्येक सांध्यात जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटण बसवलेलं. सांधा वळला की बटण वळायचं आणि किती वळलं ते माझ्या जुन्या कॉम्प्युटरला कळायचं. म्हणजे त्या हाताला काम शिकवायचं तर कागदावर काही लिहायची गरज नव्हती. त्याला बसवलेली मूठ धरून त्याच्याकडून एकदा काम करून घ्यायचं. कॉम्प्युटर सगळं लक्षात ठेवायचा, आणि कीबोर्डवरचं बटण दाबलं की हात तेच, तसंच, पुन्हा पुन्हा करायचा.

मी त्याला रोबो म्हणायचे. सर म्हणाले, हा शब्द पेपरात ठीक आहे, पण घरात आलेल्या माणसाला असं हाक मारतात का? जोवर तो इथला होत नाही तोवर पाव्हणे. चहाच्या वेळी ते पाव्हण्यांनाही विचारायचे. ते चेष्टा करतायत असं त्यांच्या चेहऱ्यावरून कधी वाटलं नाही.

शिकवायला पहिले सर स्वतः बसले. मोठ्या नजाकतीनं त्यांनी पिस्टन धुवून दाखवला. मी बटण दाबलं. पाव्हण्यांनी पिस्टन उचलला, पिंपाच्या काठाशी नेला, लांबून, दोन बोटांत धरल्यासारखा रॉकेलमध्ये जेमतेम टेकवला आणि घाईनं बाहेर काढला. पुन्हा टेकवला, पुन्हा काढला. थोडा वेळ आम्हाला कळेना. मग साळवे मिस्त्री म्हणाले, "सर, त्यो शर्ट सांभाळतोय."

सरांनी शर्टाकडे पाहिलं आणि मूठ साळव्यांकडे दिली. साळव्यांनी झकास धुतलं. पण मध्येच एकदा त्यांनी मूठ तशीच धरून डाव्या हातानं खिशातली तंबाखूची पुडी काढली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाव्हणे अर्धा पिस्टन धुवायचे, मग बाजूला होऊन निवांत थांबायचे, पुरता विडा जमेल एवढा वेळ, आणि पुन्हा कामाला लागायचे. मग मी शिकवलं. माझं शिकवणं सगळ्यात नीट होतं आणि सगळ्यात निरुपयोगी. प्रत्येक हालचालीआधी हात थोडा थबकायचा, जणू कुणाची परवानगी विचारतोय. मला ते बघवेना. मी स्वतःच पुसून टाकलं.

उरल्या गयाबाई. इतके दिवस त्या पिंपाशी बसून हे सगळं बघत होत्या. "पाव्हणं कवा जायाचं हो?" असं अधूनमधून विचारायच्या आणि सगळे हसायचे. सरांनी त्यांना बोलावून म्हटलं, "या, जरा शिकवा त्यांना." त्या उठल्या नाहीत. ब्रश पिंपाच्या काठावर ठेवला, हात पदराला पुसले.

"सायेब, माजं काम माज्याच हातानं त्याला शिकवू व्हय? आन ते शिकलं की मी काय करू?"

हे विचारताना त्या चिडलेल्या नव्हत्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या, नवरा अंथरुणाला खिळलेला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सरांनी त्या वेळी एक वाक्य सरळ बोलायला हवं होतं. ते बोलले, "बघू की. पाव्हण्यांचा स्वभाव कसा निघतो त्यावर आहे." आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गयाबाई आल्या नाहीत. त्यानंतरही नाही.

साखर कारखाने सुरू व्हायचे दिवस जवळ आले होते. ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि ट्रक श्रीगोंद्यापासून बेलापूरपर्यंतचे आमच्या अंगणात उभे. इंजिनं उघडलेली, भाग काळे, आणि धुणारं कुणी नाही. सरांनी दुसरी बाई बघायला नकार दिला. "कुणाचे तरी दुसरे हात कशाला," एवढंच म्हणाले. गयाबाई आल्याशिवाय पाव्हण्यांच्या मुठीलाही त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आणि स्वतः पिंपाशी जाऊन बसले. त्या पांढऱ्या शर्टात. बाह्या दुमडल्या, तरी पहिल्याच तासात कोपरापर्यंत काळं झालं. पोटावर शिंतोडे उडाले. संध्याकाळी खिडकीपाशी ते गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतलेला शर्ट घालून आले, त्यावर कालचे डाग पुसट दिसत होते, आणि पुन्हा बसले. आठवडा व्हायच्या आत त्यांच्या बोटांनाही भेगा पडल्या. ट्रॅक्टरवाले आले की सर पिंपाशी बसूनच म्हणायचे, "काढा आवाज." त्यांनाही ओशाळल्यासारखं व्हायचं, आवाज नीट निघायचा नाही.

मी साळव्यांना म्हटलं, कुणीतरी जेऊरला जायला हवं. ते म्हणाले, जा की. मला म्हणायचं होतं की तुम्ही जा. पण त्यांनी लेथ सुरू केला होता.

एसटीत बसून मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत. जेऊरला उतरून विचारत गेले. गयाबाई दुसऱ्याच्या रानात बाजरी सोंगत होत्या. हातात विळा. मला पाहून त्या ताठ उभ्या राहिल्या.

"ताई, तुमी? कोन वारलं का काय?"

मी नाही म्हटलं आणि जुळवलेलं सगळं विसरले. त्यांच्या हातांकडे बघत राहिले. चट्टे फिके झाले होते, भेगा बुजायला लागल्या होत्या. त्यांनी माझी नजर ओळखली. म्हणाल्या, मातीनं बरं वाटतंय, पन ही सोंगनी किती दिवस, पुढं काय.

मग मी बोलले. कसं बोलले मला आठवत नाही, इतकं सलग मी कुणाशीच बोलले नव्हते. सर कुणाचं भलं केलं की चोरी केल्यासारखं लपवतात, हे साळव्यांचं वाक्य मी माझं म्हणून सांगितलं. ते हातमोजे आठवतात का, म्हटलं. ते मोजे हरले म्हणून हा पाव्हणा आणलाय. तुम्हाला घालवायला नाही, तुमचे हात पिंपाबाहेर काढायला. त्या ऐकत होत्या, पण चेहरा हलत नव्हता. समजावणारी माणसं खूप भेटली असतील त्यांना, आश्वासनं देणारीही. शेवटी मी म्हटलं, सध्या सरच धुतायत. पिंपाशी बसून.

"कोन? सायेब?"

"हो."

"त्या शर्टात?"

"त्याच शर्टात. डाग पडलेत."

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं त्या रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता बांधावर बसल्या. "सायबाच्या शर्टाला डाग? न्हाई ताई, मी डोळ्यानं बगितल्याबिगर इस्वास न्हाई ठेवायची." विळा शेजारणीकडे दिला आणि माझ्याबरोबर निघाल्या. एसटीत त्या दोनदा आपल्याशीच हसल्या. वर्कशॉपच्या दारात मात्र त्यांचं हसू गेलं. सर पाठमोरे बसले होते. पाठीवरसुद्धा डाग होता. तिथं कसा पडला असेल कुणास ठाऊक.

गयाबाई पुढे गेल्या, पिंपाच्या अलीकडे थांबल्या. ट्रॅक्टरवाले, साळवे, सगळ्यांसमोर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. पाव्हणं शिकलं की मी काय करायचं.

सर उठले. निघून जायला एक पाऊल टाकलंही, पण वाटेत मी उभी होते. मी बाजूला झाले नाही.

ते वळले. "धुवायचं काम ते करतील," म्हणाले. "पण काय धुवायचं, किती धुवायचं आणि धुतलं गेलं का, हे त्यांना डोळे नसल्यामुळे कळणार नाही. ते तुम्ही बघायचं. पगार तोच." मग जमिनीकडे बघत, "आणि एक सांगून ठेवतो. यापुढे तुमच्या हाताला रॉकेल लागलेलं दिसलं, तर मात्र काढून टाकीन."

 सरांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तेही धमकीसारखं. साळव्यांनी लेथ बंद केला. गयाबाईंनी पाव्हण्यांची मूठ धरली.

त्यांनी एकच पिस्टन धुतला. मी बटण दाबलं. पाव्हणे खाली वाकले, पिस्टन उचलला, आणि पिंपाकडे जायच्या ऐवजी तो वर घेऊन गेले. वर, वर, माणसाच्या कपाळाच्या उंचीपर्यंत. तिथं कपाळ नव्हतं, काहीच नव्हतं. तिथं पिस्टन धरून ते क्षणभर थांबले. मग सावकाश खाली आले आणि धुवायला लागले. खळबळून, वर धरून, झटका देऊन, थेंब निथळू देऊन. थेट गयाबाईंसारखं.

सकाळी धुवायला पहिला भाग उचलला की तो कपाळाला लावायचा, ही गयाबाईंची रोजची सवय. आम्ही ती इतक्या वेळा पाहिली होती की आम्हाला ती दिसत नव्हती. त्यांनाही नाही.

साळवे मिस्त्रींच्या घरी देवदेव नव्हतं, त्यांच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो असायचा. ते म्हणाले, "आमच्यात हे न्हाई. पन पाव्हणं कुनाच्या वळणावर जाईल ते आपल्या हातात थोडंच हाय."

गयाबाई लाजल्या. काढून टाका ताई, म्हणाल्या, लोक हसतील. मलाही ते काढणं सोपं होतं, सुरुवातीचे काही आकडे पुसले की झालं. शिवाय पाव्हणे आता प्रत्येक पिस्टनला, प्रत्येक व्हॉल्व्हला नमस्कार करणार होते, आणि अंगणात काम तुंबलेलं. मी कीबोर्डवर हात ठेवला.

"थांबा," सर म्हणाले. "त्यांचं चुकलेलं नाही. फक्त सकाळी एकदा करायचं ते दिवसभर करतायत. त्यांना सकाळ कळत नाही. ती तुम्ही शिकवा."

कॉम्प्युटरला सकाळ शिकवायची हे काम मला आजवर मिळालेल्या कामांतलं सगळ्यात आवडतं. मी गयाबाईंच्या हालचालीचे दोन तुकडे केले. नमस्काराचा वेगळा, धुण्याचा वेगळा. पाव्हणे चालू केल्यावर पहिल्या भागाला दोन्ही, पुढच्या सगळ्या भागांना फक्त धुणं. मशीन चालू झालं की ती सकाळ, असा माझा सरळ हिशेब होता.

त्यात मी एक गोष्ट विसरले. त्या दिवसांत आमच्याकडे वीज सारखी जायची. वीज गेली की पाव्हणे जागच्या जागी बंद, आणि परत आली की नव्यानं चालू. म्हणजे त्यांच्या लेखी पुन्हा सकाळ. भर दुपारी वीज यायची, पंखे फिरायला लागायचे आणि पाव्हणे समोरचा व्हॉल्व्ह उचलून शांतपणे कपाळाच्या जागी न्यायचे. एकेका दिवसात त्यांना चार-पाच सकाळी व्हायच्या. मी दुरुस्त करते म्हटलं, पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की वर्कशॉपला त्याची सवय झालीय. वीज गेली की लोक चिडून बोलायचे, आणि ती आली की सर मोठ्यानं म्हणायचे, "चला, सकाळ झाली." कंटाळलेला ट्रॅक्टरवालासुद्धा हसायचा आणि सगळे खरोखरच नव्यानं कामाला लागायचे. मी ते तसंच राहू दिलं.

त्या हंगामात सगळी इंजिनं वेळेत गेली. पाव्हणे कधी हट्टाला पेटायचे, केबल तुटायची, सांडशीतून पिस्टन निसटून पिंपात पडायचा. गयाबाई बाजूला स्टुलावर बसून त्यांना हुकूम सोडायच्या आणि धुतलेला भाग स्वच्छ फडक्यात घेऊन उजेडाकडे धरायच्या. मनाजोगता नसला की पुन्हा पुढ्यात ठेवायच्या. "पाव्हणं, ह्ये काय धुनं झालं? घरी असंच करता का?" पुढच्या संक्रांतीला कासार आला. गयाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, मनगट गच्च भरेल इतक्या, आणि दिवसभर उगाच हात हलवत राहिल्या. सरांनी ते न बघितल्यासारखं केलं.

मी तिथं आणखी काही काळ होते. मग पुण्याला एका मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथं परदेशातून आलेले नारिंगी रंगाचे रोबो होते, देखणे, अचूक. शेवटच्या दिवशी मला सरांचे आभार मानायचे होते आणि तसं केलं की ते आत निघून जातील हे पक्कं माहीत होतं. मी घुटमळत होते. वीज गेलेली होती, वर्कशॉप शांत होतं. सर खुर्चीत बसून कप खाली ठेवत म्हणाले, "तुमच्याकडे एक आवाज बाकी आहे."

साळवे आले. गयाबाई स्टुलावर. श्रीगोंद्याचे दोन ट्रॅक्टरवाले होते, त्यांनीही माना वळवल्या. माझे कान तापले, पहिल्या दिवसासारखेच. मी मिक्सरचा आवाज काढणार नव्हते. मी डोळे मिटले आणि पाव्हण्यांचा काढला. खाली वाकताना वायपरच्या मोटारीची घरघर, सांडशी मिटल्याची टक, मग ओझं घेऊन वर जाताना बारीक होत गेलेला घूं. वर पोचल्यावर थांबले. मग खाली आणला.

सर डोळे मिटूनच होते. "वरती गेल्यावर थांबलात तिथून लवकर निघालात," म्हणाले. "पुन्हा."

दुसऱ्यांदा मी वर जाऊन थांबले आणि थांबूनच राहिले. रस्त्यावरून एक गाडी घाटाकडे गेली. त्यानंतर कसलाच आवाज नव्हता. मग मी खाली आले.

सरांनी डोळे उघडले आणि गयाबाईंकडे पाहिलं. त्या आवाजाच्या मालकीण त्या होत्या. गयाबाईंनी जरा विचार केला. बांगड्या वाजल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आस्साच."

तेवढ्यात वीज आली. पंखा करकरला. कोपऱ्यातून तीच घरघर, तीच टक, आणि पाव्हणे समोरचा पिस्टन घेऊन वर गेले, जिथं थांबायचं तिथं थांबले.

बाहेर उन्हं कलली होती. सर उठले, एकदा शर्टाकडे बघितलं, आणि म्हणाले, "चला, सकाळ झाली."